ईश्वरचिठ्ठीचे यंत्र

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना समसमान मते पडली की निर्णय चिठ्ठीवर सोपविला जातो. पंचायत सदस्यांना ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. चिठ्ठ्या एकाच मापाच्या कागदाच्या व एकाच पद्धतीने घडी घातलेल्या असतात. भांडे आधी पालथे करून सर्वांना दाखविले जाते आणि चिठ्ठी उचलण्यासाठी बहुधा एखाद्या लहान मुलास पुढे बोलावतात. लोक या रीतीला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. हरलेला उमेदवारही हा निकाल सहसा मान्य करून घरी जातो. त्याचे कारण केवळ श्रद्धा हे नव्हे. भांडे रिकामे होते, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते.

अलीकडे अशा अनेक सोडती संगणकाकडे गेल्या आहेत. शिक्षण हक्क कायद्याखालील पंचवीस टक्के जागांचे प्रवेश असोत किंवा म्हाडाची घरे असोत, हजारो अर्जांतून निवड करावयाची तर चिठ्ठ्या व भांडे पुरे पडणार नाहीत, हे उघड आहे. तथापि संगणकाचे भांडे पालथे करून दाखविता येत नाही. मग त्यात काही नव्हते, याची खात्री लोकांनी कशाच्या आधारे करावी? याच प्रश्नाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीचे जे छोटे यूएसबी टोकन पंचायतीचे पैसे अदा करताना संगणकास जोडले जाते, त्यातील गुप्त किल्लीही अशाच एका चिठ्ठीतून जन्मास आलेली असते. ती चिठ्ठी ज्यास आधी ठाऊक असेल, त्यास ती स्वाक्षरीही करता येईल.

संगणक हे अतिशय आज्ञाधारक यंत्र आहे आणि अडचण नेमकी तेथेच आहे. त्याच सूचना व तीच सुरुवातीची संख्या दिली की तो दर वेळी तेच उत्तर देतो. ‘कोणतीही एक संख्या सांग’ असे त्यास म्हटले तर तो एका आरंभीच्या संख्येवर, जिला ‘बीज’ म्हणतात, लांबलचक गणित करून एक संख्या काढतो. पाहणाऱ्यास ती अगदी सहजगत्या आलेली वाटते. परंतु ज्यास बीज व गणिताची रीत ठाऊक आहे, त्याच्या दृष्टीने ती शाळेतील पाढ्याइतकीच निश्चित असते. आधुनिक संगणकाच्या जनकांपैकी एक असलेले जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ सालीच बजावले होते की, केवळ अंकगणिताने यादृच्छिक संख्या निर्माण करू पाहणे हे एक प्रकारचे पातकच होय. अशी गणिते त्यांनी स्वतः वापरलेली होती, म्हणून त्या शब्दांना अधिक वजन आहे.

हे पातक प्रत्यक्षात घडल्याचे एक उदाहरण अमेरिकेत मिळते. तेथील अनेक राज्यांची लॉटरी चालविणाऱ्या संयुक्त संस्थेत एडी टिप्टन हा गृहस्थ माहिती सुरक्षेचा प्रमुख होता. सोडतीच्या यंत्रात अस्सल यादृच्छिकतेची सोय होती. आसपासच्या किरणोत्सर्गाचे मोजमाप करून त्यातून बीज घेतले जाई. टिप्टनने आज्ञावलीत काही ओळी अशा घातल्या की, वर्षातील ठराविक तीन तारखांना, सोडतीचा वार व वेळही जुळली तर, हे अस्सल बीज बाजूस राहावे आणि त्याला आधी काढता येईल असे गणित चालावे. २९ डिसेंबर २०१० च्या एक कोटी पासष्ट लक्ष डॉलरच्या सोडतीचे तिकीट त्याने स्वतः विकत घेतले. बक्षीस मागणारा आपले नाव सांगावयास तयार होईना, म्हणून संशय आला. तपास अनेक वर्षे चालला आणि २०१७ साली त्यास पंचवीस वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा झाली. वर्षातील बाकी सर्व दिवशी ते यंत्र प्रामाणिक होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. एरवीच्या कोणत्याही दिवशी त्याची चाचणी घेतली असती तर ते निर्दोष ठरले असते.

निसर्गातून यादृच्छिकता गोळा करण्याची धडपड संगणकाहून जुनी आहे. एल. एच. सी. टिपेट यांनी १९२७ साली जनगणनेच्या अहवालांतील आकड्यांतून ४१,६०० अंकांची सारणी छापली. अशा सारण्यांचा उपयोग आपल्या देशात फार लवकर व फार मोठ्या प्रमाणावर झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये, तर सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे व त्यांचे सहकारी डॉ. विनायक गोविंद पानसे यांनी भारतीय कृषि अनुसंधान परिषदेत पीक पाहणीच्या नमुना पद्धतीचा पाया घातला. पीक कापणी प्रयोगासाठी कोणते शेत घ्यावयाचे आणि शेतातील कोणता तुकडा कापावयाचा, हे यादृच्छिक अंकांच्या सारणीवरून ठरविण्याची रीत त्यातून रूढ झाली. त्यामागील हेतू साधा आहे. कर्मचाऱ्याची नजर आपोआप चांगल्या पिकाकडे वळते आणि सरासरी फुगते. तलाठी व कृषी कर्मचारी यांना ही अंकांची पाने चांगली परिचित आहेत.

अमेरिकेतील रँड या संस्थेने १९५५ मध्ये दहा लक्ष यादृच्छिक अंकांचे पुस्तकच प्रसिद्ध केले. त्यासाठी विद्युत् स्पंदांवर चालणारे एक यंत्र बांधले होते. विशेष असा की, त्या यंत्रातून आलेले अंकही हळूहळू एका बाजूस झुकू लागल्याचे तपासणीत आढळले व ते दुरुस्त करण्यासाठी अंकांची एकमेकांत बेरीज करून दहाच्या पलीकडील भाग सोडून द्यावा लागला. ब्रिटनमध्ये व्याजाऐवजी बक्षिसे देणाऱ्या सरकारी प्रीमियम बाँडची सोडत १९५७ पासून ‘अर्नी’ नावाचे यंत्र काढू लागले. दुसऱ्या महायुद्धात ‘कोलोसस’ हे सांकेतिक संदेश फोडणारे यंत्र ज्या डाक खात्याच्या संशोधन केंद्रात घडले, तेथेच हेही घडले. निऑन वायूच्या नळीतील विद्युत् प्रवाहाची अनियमित थरथर मोजून ते आकडे काढी. आज त्या नावाची पाचवी पिढी प्रकाशाच्या क्वांटम गुणधर्मांवर काम करीत आहे.

श्रोतेहो, सोडतीत गफलत झाली तर बक्षीस चुकीच्या माणसास जाते. संदेशवहनात गफलत झाली तर काय घडते, हे इंटरनेटचा प्रसार झाल्यावर दिसून आले. डेबियन या संगणक प्रणालीत २००६ साली एका दुरुस्तीच्या ओघात दोन ओळी काढून टाकल्या गेल्या. त्यामुळे गुप्त किल्ल्या तयार करताना बीज म्हणून प्रक्रियेचा क्रमांक तेवढा उरला, आणि त्याचे मूल्य ३२,७६८ पैकी एक असे. एका जातीच्या व मापाच्या किल्ल्या जगभर कितीही तयार होवोत, वेगवेगळ्या म्हणाव्यात अशा त्यांच्यात इतक्याच. दोष २००८ च्या मे महिन्यात उघड झाला, तोपर्यंत कोणाच्याही ध्यानात काही आले नव्हते. किल्ल्या दिसावयास उत्तम होत्या.

२०१२ साली अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने इंटरनेटवरील सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या. त्यांची रीत शिक्षकांना विशेष आवडेल, कारण ती शाळेतील मसाविचीच आहे. आरएसए पद्धतीची किल्ली म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. गुणाकार सर्वांस दिसतो. मूळ संख्या गुप्त राहतात, कारण अवयव पाडणे अतिशय कठीण असते. आता ८६३३ व ९९९१ या दोन संख्या घ्या. एकेकीचे अवयव शोधावयास वेळ लागेल. पण दोघींचा मसावि भागाकाराच्या रीतीने काढला तर चारपाच पायऱ्यांत ९७ मिळतात, आणि लगेच ८९ व १०३ हेही हाती येतात. म्हणजे दोन वेगळ्या यंत्रांनी एकच मूळ संख्या निवडली असेल तर दोघांचीही कुलुपे एकदमच उघडतात. वस्तुतः मूळ संख्यांचा साठा इतका अफाट आहे की असे कधीच घडू नये. परंतु तपासलेल्या संकेतस्थळांपैकी अर्ध्या टक्क्याच्या गुप्त किल्ल्या या संशोधकांना मिळाल्या. दोषी निघाली ती बव्हंशी राउटरसारखी लहान उपकरणे. कारखान्यातून येऊन प्रथमच चालू होताच ती किल्ली तयार करीत. त्या क्षणी त्यांच्याजवळ अनिश्चित असे काहीच नसे. ना कळफलकावर कोणाची बोटे, ना फिरणारी तबकडी. एकसारखी यंत्रे एकसारख्या अवस्थेत जागी होऊन एकच संख्या निवडत होती.

त्यापुढील वर्षी तैवानमधील सरकारी नागरिक प्रमाणपत्राच्या कार्डांबाबत असाच निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वीस लाखांहून अधिक किल्ल्यांतून १८४ फोडता आल्या. प्रमाण अल्प आहे, हे खरे. पण ही कार्डे शासनाने दिलेली होती व त्यांतील चिपांना प्रमाणित सुरक्षिततेचा शिक्का मिळालेला होता. ज्या नागरिकाची किल्ली फुटली, त्याला इतरांच्या किल्ल्या सुरक्षित असल्याचा काय उपयोग?

येथून पुढचा प्रश्न विश्वासाचा आहे. २०१२ पासून इंटेलच्या संगणक चिपमध्येच यादृच्छिक संख्या देणारा भाग बसविलेला असतो. तो वाईट आहे असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण त्याच्या पोटात नैसर्गिक उगमातून निघणारे कच्चे अंक बाहेर दिसत नाहीत. चिपच्या आतच त्यांच्यावर संस्कार होऊन तयार माल हाती येतो. २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिले की, अशा चिपच्या घडणीत मिश्रद्रव्याचे प्रमाण किंचित बदलले तर अंक ओळखता येण्याजोगे होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली व नेहमीच्या चाचण्यांत ते कळतही नाही. त्याच वर्षी एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांमुळे आणखी एका जुन्या संशयास बळकटी आली. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००६ मध्ये मान्य केलेल्या एका यादृच्छिक गणितात चोरदरवाजा ठेवता येतो, असे दोन तज्ज्ञांनी २००७ मध्येच सांगितले होते. ते गणित अखेर २०१४ मध्ये मानकातून वगळण्यात आले. फ्रीबीएसडी प्रणालीच्या विकासकांनी चिपचे अंक थेट न वापरता इतर उगमांत मिसळूनच वापरावेत असा निर्णय घेतला, तोही याच काळात.

या पार्श्वभूमीवर काही अभियंत्यांनी बोटाएवढी छोटी उपकरणे बनविली. संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये ती बसवावयाची आणि त्यांनी निसर्गातील गोंगाट अंकांच्या रूपाने संगणकास पुरवावयाचा. त्यांचे वैशिष्ट्य असे की, विद्युत् मंडलाचा आराखडा व आतील आज्ञावली ही दोन्ही सर्वांस खुली आहेत. ज्यास कळते त्याने तपासावे, ज्यास येते त्याने स्वतः बांधावे.

न्यूझीलंडमधील ‘वनआरएनजी’ हे उपकरण २०१४–१५ च्या सुमारास आले. त्यात डायोडला उलट दिशेने एवढा विद्युत् दाब दिला जातो की इलेक्ट्रॉनांचा लोंढा दरड कोसळावी तसा अनियमितपणे सुटतो. यूएसबीतून मिळणारे पाच व्होल्ट अशा कामास अपुरे पडतात, म्हणून दाब वाढविणारे लहानसे मंडल सोबत असते. त्याचे धातूचे झाकण काढता येते. बाहेरील रेडिओ लहरी अडविण्यासाठी झाकण लागते. ते निघते, ते आत काय बसविले आहे हे मालकास पाहता यावे म्हणून. पालथ्या भांड्याची आठवण येथे व्हावी. अमेरिकेतील कीथ पॅकार्ड व बडेल गार्बी यांच्या ‘केऑसकी’ची घडणही याच तत्त्वावरची असून तिचा चालक २०१५ साली लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात समाविष्ट झाला. जपानचे नीबे युताका यांनी तर वेगळे मंडलही टाळले. त्यांच्या ‘न्यूजी’मध्ये साध्या सूक्ष्मनियंत्रक चिपचा मोजमाप करणारा भाग शेवटच्या अंकात जी चंचलता दाखवितो, तीच वेचून घेतली जाते.

या सर्वांत बिल कॉक्स यांचे ‘इन्फिनिट नॉइज’ अधिक विचारप्रवर्तक वाटते. विद्युत् रोधातील कणांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे सूक्ष्म गोंगाट उत्पन्न होतो, हे बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन व नायक्विस्ट यांनी १९२८ सालीच दाखविले होते. हा गोंगाट कोणासही थांबविता येत नाही, मात्र तो फारच क्षीण असतो. कॉक्स यांनी युक्ती अशी केली: विद्युत् दाब मर्यादेच्या वर असल्यास १ व खाली असल्यास ० असा अंक बाहेर टाकावयाचा; मर्यादा ओलांडली असेल तर ठराविक भाग वजा करावयाचा; उरलेल्यास सुमारे १.८२ ने गुणावयाचे आणि पुन्हा तेच करावयाचे. दर फेरीत गोंगाटही गुणला जातो, आणि थोड्याच फेऱ्यांत पुढचा अंक कोणता येणार हे तो क्षीण गोंगाटच ठरवू लागतो. बाहेरून कोणी विद्युत् अडथळा आणला तरी तो गोंगाटात मिळविला जातो. मूळचा गोंगाट त्यामुळे नाहीसा होत नाही. गुणक १.८२ असल्याने प्रत्येक अंकात सुमारे ०.८६ बिट इतकीच अनिश्चितता असावी, असे गणिताने आधीच सांगता येते. संगणकातील आज्ञावली ते प्रमाण सतत मोजते व त्यात लक्षणीय फरक पडला तर अंक घेणे थांबविते.

या उपकरणात अंकांवरील संस्कार आत न होता संगणकात, उघड्या आज्ञावलीत होतात. हा मुद्दा वरकरणी तांत्रिक वाटेल, पण पारख येथेच होते. कच्चे अंक नेहमी थोडे ओबडधोबड असतात. ते एका मिश्रणक्रियेतून काढले की गुळगुळीत होतात व संख्याशास्त्राच्या सर्व कसोट्यांस उतरतात. मात्र १, २, ३ अशी क्रमवार मोजणी त्याच क्रियेतून काढली तरी तीही तितकीच गुळगुळीत होऊन बाहेर येते! पायचे दशांश अंकही नेहमीच्या कसोट्या उत्तीर्ण होतात आणि ते तर कोणत्याही पुस्तकात सापडतात. यास्तव ‘आमच्या यंत्राने सर्व चाचण्या पार केल्या आहेत’ असे विक्रेत्याने सांगितले तर त्यावरून फारसे काही कळत नाही. कच्चे अंक दाखविता का, हे विचारावे. धान्याची पारख पॉलिश करण्यापूर्वी करावी, तशातला हा प्रकार आहे.

असे असले तरी खुल्या आराखड्यामुळे सर्व शंका मिटतात असे समजणे भोळेपणाचे होईल. आराखडा खुला आहे, एवढ्यावरून टपालाने हाती आलेली वस्तू त्याच आराखड्याप्रमाणे घडविली आहे असे सिद्ध होत नाही. अनेक उपकरणांतील सूक्ष्मनियंत्रक चिप ही शेवटी एखाद्या कंपनीची बंद पेटीच असते. वनआरएनजीने यावर तोड म्हणून आतील आज्ञावली वाचून तिच्यावरील स्वाक्षरी पडताळण्याची सोय ठेवली आहे. ती उपयुक्त आहे, परिपूर्ण नव्हे. शिवाय घरच्या वा कचेरीतील सामान्य संगणकास अशा उपकरणाची आज निकड नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. चालू स्थितीतील लिनक्ससारख्या प्रणाली अनेक उगमांतून अनिश्चितता गोळा करून मिसळतात. ज्या संस्थेस प्रमाणपत्रांच्या मूळ किल्ल्या तयार करावयाच्या आहेत, किंवा ज्या यंत्रास पडदा, कळफलक यांपैकी काहीच नाही, तेथे हे उपकरण उपयोगी पडते. आणि तेथेही ते एकट्यावर विसंबण्यासाठी नसून इतरांच्या जोडीस घ्यावयाचे असते.

मिसळण्यामागचे तत्त्व पाच माणसांच्या उदाहरणाने कळेल. पाच जणांनी एकमेकांस न दाखविता ० ते ९ मधील एकेक अंक कागदावर लिहावा. मग सर्व कागद एकदम उघडून बेरजेच्या एकं स्थानचा अंक घ्यावा. चौघांनी आपसांत कितीही संगनमत केले तरी पाचव्याने प्रामाणिकपणे चिठ्ठी टाकून अंक लिहिला असेल तर निकाल कोणाच्याच हाती राहत नाही. अट एवढीच की, कोणीही दुसऱ्याचा अंक आधी पाहता कामा नये.

आता पुन्हा सार्वजनिक सोडतीकडे वळावयाचे तर येथे एक फरक करणे अवश्य आहे. गुप्त किल्लीची चिठ्ठी कोणासही कधीच दिसता कामा नये; तेथे यूएसबी उपकरणाचे स्थान आहे. सोडतीची चिठ्ठी उघडल्यावर मात्र ती सर्वांस दिसली पाहिजे व निकाल पुन्हा काढून पाहता आला पाहिजे. तेथे बंद खोलीतील उत्तम उपकरणही अपुरेच ठरते, कारण त्यातून निघालेला अंक खरोखर तोच होता याचा साक्षीदार कोण? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ साली निवडणुकीच्या मतपत्रिकांची नमुना तपासणी सुरू केली, तेव्हा अधिकाऱ्यांनी जो मार्ग घेतला तो पाहण्याजोगा आहे. कोणत्या मतपत्रिका तपासावयाच्या हे ठरविण्याचे गणित आधीच सर्वांस खुले होते. बीज तेवढे राहिले होते. ते जाहीर सभेत, दहा बाजूंचे फासे टाकून, एकेक अंक मोठ्याने वाचून वीस अंकांचे तयार करण्यात आले. ते वीस अंक घरी लिहून नेणाऱ्या कोणाही नागरिकास आपल्या संगणकावर तेच गणित चालवून मतपत्रिकांची तीच यादी काढता येत होती.